देवणीचा जिल्हा कोणता?

'देवणी कोणत्या जिल्ह्यात आहे?' स्पर्धा परीक्षांच्या गाईडात शोभेल असा प्रश्न. उत्तर लातूर. एक मार्क मिळाला, चला पुढे.

पण हाच प्रश्न १९८१ साली विचारला असता तर 'लातूर' लिहिणाऱ्याला भोपळा मिळाला असता, कारण तेव्हा जिल्हा होता उस्मानाबाद. आणि १९५५ साली विचारलं असतं तर बरोबर उत्तर होतं बिदर, राज्य हैदराबाद! गाव मात्र जिथल्या तिथे. एक इंचही हललं नाही.

हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे आमची शनिवारची क्विझ. कॉलेजचे आम्ही पाच जण, एक पुण्यात, दोघं बंगळुरूत, एक न्यू जर्सीत आणि मी. रात्री ऑनलाइन जमतो, एक जण स्क्रीन शेअर करतो, आणि जनरल नॉलेजचे वीस-पंचवीस प्रश्न होतात. न्यू जर्सीवाल्याची तेव्हा सकाळ असते, त्यामुळे तो चहा पीत खेळतो आणि बाकीच्यांना जळवतो. तर परवा एक प्रश्न आला: 'देवणी ही गोवंशाची जात मूळची कोणत्या राज्यातली?' पर्याय चार. आमच्यातला एक जण भालकीचा, म्हणजे बिदर जिल्ह्यातला. त्याने ठामपणे 'कर्नाटक' दाबलं. ॲपने लाल फुली मारली आणि 'महाराष्ट्र' हिरवं केलं. झालं! पुढचे पाच प्रश्न बाजूला राहिले आणि भांडण सुरू. त्याचं म्हणणं, "अरे, आमच्या घरी तीन पिढ्या देवणीच आहेत. ती काय बाहेरून आलेली पाहुणी आहे का?"

गंमत म्हणजे त्याचं म्हणणं बरोबर आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदीतही या जातीचं मूळ क्षेत्र महाराष्ट्र आणि कर्नाटक असं दोन्हीकडे दिलेलं आहे. लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव, आणि खाली बिदर. नकाशा नीट बघितला तर गाईने सीमा ओलांडलेली नाही हे कळतं. सीमाच नंतर गाईच्या मधून गेली.

ती कशी गेली ते सांगतो. निजामाच्या काळात देवणी उदगीर तालुक्यात, आणि उदगीर बिदर जिल्ह्यात. (उदगीर म्हटलं की क्विझवाल्यांना फक्त १७६० ची लढाई आठवते. सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं आणि पुढच्याच वर्षी पानिपत झालं. असो.) या बिदर जिल्ह्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू असे तिन्ही भाषांचे पट्टे होते आणि सरकारी कारभार उर्दूत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला आणि या जिल्ह्याचे भाषेनुसार तीन तुकडे पडले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. नारायणखेड आणि झहीराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशात गेला, तो आता तेलंगणात आहे. उरलेला बिदर म्हैसूर राज्यात गेला, त्यालाच १९७३ पासून कर्नाटक म्हणतात.

पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादमधून लातूर वेगळा निघाला. नंतर देवणी स्वतःच तालुका झाली. आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचंही धाराशिव झालं! म्हणजे १९३० च्या सुमारास देवणीत जन्मलेली आणि आयुष्यभर गाव न सोडलेली एखादी आजी घ्या. तिने तीन जिल्हे बघितले. निजामाचं राज्य, मग भारतातलं हैदराबाद राज्य, मग मुंबई, मग महाराष्ट्र. आमच्यातल्या न्यू जर्सीवाल्यानेही आयुष्यात इतके पत्ते बदललेले नाहीत :)

त्या आजीला 'स्वातंत्र्य कधी मिळालं?' हा क्विझमधला सगळ्यात सोपा प्रश्न विचारून बघा. १५ ऑगस्ट १९४७ ला देवणीत स्वातंत्र्य आलंच नव्हतं. निजाम भारतात सामील व्हायला तयार नव्हता. त्यानंतर तेरा महिने इथल्या लोकांनी रझाकारांचा काळ काढला, अनेक कुटुंबं गावं सोडून गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. आपल्याकडे १७ सप्टेंबरला झेंडावंदन का होतं हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना मला अजूनही दरवर्षी समजावून सांगावं लागतं.

आमच्या धंद्यात ज्याने कधी पगाराचा किंवा विम्याचा डेटाबेस केलाय त्याला हा लोचा लगेच कळेल. पत्त्याच्या टेबलात 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन कॉलम ठेवावेच लागतात, नाहीतर जुना हिशेब जुळत नाही. क्विझ बनवणाऱ्यांनी ते दोन्ही कॉलम उडवून टाकलेत. मुंबईला राहणाऱ्याचं त्यावाचून फारसं काही अडत नाही. मराठवाड्यातल्या माणसाचं अडतं.

कसं अडतं? मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेणारा शासन निर्णयही निघाला. त्यावरचे वाद सगळ्यांना माहीत आहेत, त्यात इथे शिरत नाही. पण कागद शोधायला निघालेल्या देवणीच्या माणसाची अवस्था बघा. त्याचा आजचा जिल्हा लातूर, पण निजामाच्या काळात लातूर जिल्हाच नव्हता. पणजोबांची नोंद असलीच तर ती बिदर जिल्ह्याच्या नावावर असणार. बिदर आज परराज्यात. कागद उर्दूत किंवा मोडीत. त्यावर साल फसली! दख्खनच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३३० म्हणजे साधारण १९२०. वर्ष वेगळ्या महिन्यात सुरू होतं, त्यामुळे एखादं साल इकडेतिकडे होतं ते वेगळंच. एवढं सगळं पार पडलं तर मुलाच्या कॉलेज प्रवेशाचं काही तरी होणार. आपण ज्याला 'जीके' म्हणून हसत खेळतो, तेच कुणीतरी हेलपाटे घालून शोधत असतं.

भालकीच्या मित्राला आम्ही त्या रात्री तो मार्क देऊन टाकला. मग त्याने आम्हालाच प्रश्न टाकला: "वानेरा, बालंक्या आणि शेवेरा म्हणजे काय?" चौघंही गप्प. देवणीचेच तीन प्रकार ते! वानेरा पांढरी, पण तोंडावर काळा रंग. बालंक्या अंगभर पांढरी. शेवेरा पांढऱ्यावर काळे, वेडेवाकडे ठिपके.

हे सगळं एका दमात बघायचं असेल तर रेल्वे आहे. लातूर रोडहून विकाराबादकडे जाणारी गाडी धरायची. उदगीर, कमालनगर, भालकी, बिदर, झहीराबाद. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत उदगीर ते झहीराबाद हा प्रवास एकाच जिल्ह्यातला होता. आता त्याच रुळांवर महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण अशी तीन राज्यं लागतात. वाटेत खिडकीतून काळ्या ठिपक्यांची गाय दिसली तर ती शेवेरा.