उपकरणांची वीज ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती

संगणकाला जोडलेली उपकरणे वापरात नसतानाही वीज घेत राहिल्यास लॅपटॉपची बॅटरी लवकर संपते. पूर्वी या विजेचे नियंत्रण प्रामुख्याने बायोसकडे होते. मात्र कोणता प्रोग्राम कोणते उपकरण वापरत आहे, हे त्याला कळत नसे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एसीपीआय’ मानकाने हा अधिकार ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवला. २०१३ पासून हे मानक यूईएफआय फोरमकडे आहे.

या मानकानुसार ‘डी-०’ म्हणजे उपकरण पूर्ण कार्यरत, तर ‘डी-३’ म्हणजे बंद. ‘डी-१’ व ‘डी-२’ या मधल्या अवस्था ऐच्छिक आहेत. ‘डी-३ हॉट’मध्ये मुख्य वीजपुरवठा कायम राहतो, ‘डी-३ कोल्ड’मध्ये तो तोडला जातो. अवस्था जितकी खोल, तितकी बचत अधिक. परंतु उपकरण पुन्हा कार्यरत होण्यास वेळही अधिक लागतो.

वीज कमी करण्यापूर्वी ड्रायव्हर सुरू असलेले काम थांबवून उपकरणाची स्थिती जतन करतो. यूएसबी हबवरील उपकरणे आधी, हब नंतर निद्रावस्थेत जातो. जागे होताना हा क्रम उलटा असतो. ड्रायव्हरमध्ये दोष असल्यास लॅपटॉप उघडल्यावर वाय-फाय किंवा माऊस प्रतिसाद देत नाही.