अडतिसावी सफर

बोटीचे आणि माझे लहानपणापासून वाकडे. मुंबईहून रत्नागिरीला जाणाऱ्या बोटीत बाकीची मंडळी गप्पा छाटत आणि मी कठड्याला धरून पोटातले सगळे समुद्राला अर्पण करीत असे. चुलतभाऊ अण्णा पाठ चोळायचा आणि हसायचाही. त्यामुळे बॉस्टनला चिरंजीवांनी "बाबा, उद्या देवमासे बघायला जायचंय," असे जाहीर केले, तेव्हा माझ्या पोटात आदल्या रात्रीपासूनच ढवळू लागले.

"अहो, आल्याची वडी ठेवा तोंडात," म्हणून हिने माझी सोय लावली आणि आम्ही निघालो.

बॉस्टनच्या पूर्वेला भर समुद्रात स्टेलवॅगन बँक आहे. बँक म्हणजे पैशांची नव्हे, समुद्रतळाचा उंचवटा. तिथे खालचे थंड पाणी वर येते, बारीक मासळी माजते आणि ती खायला कुबड असलेले देवमासे उन्हाळाभर मुक्काम करतात. हिवाळ्यात बाळंतपणाला वेस्ट इंडिजच्या कोमट पाण्यात जायचे, तिथे जवळजवळ कडकडीत उपास आणि इथे परतल्यावर पारणे!

ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगणाऱ्या बाई एकदम ओरडल्या, "अकरा वाजता!"

ही घड्याळ बघत म्हणाली, "अकरा कसले? सव्वादोन झालेत."

बोटीचे नाक म्हणजे बारा, अकरा म्हणजे किंचित डावीकडे, असा चिरंजीव खुलासा करताहेत तोवर एस.टी.पेक्षा लांब असे काहीतरी पाण्यातून वर आले. बोटीने 100 फुटांच्या आत जायचे नाही असा तिकडे दंडक आहे; पण तो देवमाशाला कोणी कळवलेला नसावा. इंजिन थांबले तसा तो थेट आमच्या कठड्याखाली आला, फुस्सकन फवारा सोडला आणि सुकटीचा डबा उघडावा तसा वास सुटला. मग अंगावर कलंडून एका डोळ्याने त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही त्याला बघायला पैसे मोजले होते. तो आम्हांला फुकटात बघून गेला. बोट लागायची मी साफ विसरलो.

बुडी मारताना त्याने शेपूट उंच केली. शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची निराळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. तीवरून त्यांची ओळख पटवतात, नावे ठेवतात. सॉल्ट, म्हणजे मीठ, नावाची मादी 1970 च्या दशकापासून इथल्या लोकांच्या ओळखीची. तिला डझनावर पिल्ले झाली, नातवंडे झाली, सगळ्यांची नोंद आहे.

परतताना बाईंनी एक गोष्ट सांगितली. याच किनाऱ्यावर, न्यू बेडफर्डला, 1841 साली 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' नावाचे जहाज बांधले. धंदा देवमासे मारण्याचा. त्यांच्या चरबीच्या तेलावर तेव्हा दिवे जळत. 1921 पर्यंत 37 सफरी करून जहाज थकले आणि पुढे संग्रहालयात गेले. 2014 साली त्याची डागडुजी करून अडतिसावी सफर काढली, ती इथेच. या खेपेला भाले नव्हते. आणि जहाजाच्या आसपास कुबडवाले देवमासे आले!

"म्हणजे माफ केलं म्हणायचं," ही डोळे पुसत म्हणाली.

"छे, ते मासळीसाठी आले," चिरंजीव म्हणाले. शास्त्र त्यांच्या बाजूचे आहे. पण मला घरापर्यंत चैन पडेना. ज्या जहाजाने जातभाईंचे तेल काढले, त्याच्या शेजारी देवमासे निवांत जेवून गेले, आणि आम्ही? कुंपणावरच्या एका फणसापायी अण्णाशी बावीस वर्षे अबोला!

रात्री फोन लावला. तिकडे सकाळ होती. "अण्णा, मी बोलतोय. आज समुद्रात गेलो होतो..."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग अण्णा म्हणाला,

"बोट लागली का रे?"