गाठ बदलली, कारण धागा बदलला



गेल्या उन्हाळ्यात माझा बंगळुरूचा भाचा हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट पकडायला निघाला होता. निघताना त्याचा फोन आला, "मामा, फ्लायला धागा बांधायची सगळ्यात चांगली गाठ कोणती? एकच सांगा." मी विचारलं, "धागा कोणता आहे?" तो म्हणाला, "त्याने काय फरक पडतो?"

हाच प्रश्न मी कॅप्टन असताना एका म्हाताऱ्या माणसाला केला होता. आज ती हकीकत सांगतो, आणि तिच्यामागचा पाचशे वर्षांचा इतिहासही.

ज्यांनी फ्लाय फिशिंग पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. यात गळाला गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत. पिसं, लोकर आणि दोरा गुंडाळून गळावरच एक खोटी माशी तयार करतात. तिला वजन असं नसतंच, म्हणून जाड, जड दोरी हवेत झुलवून तिच्या जोरावर माशी पाण्यावर टाकतात. जाड दोरी आणि माशी यांच्यामध्ये एक बारीक, सहसा न दिसणारा धागा असतो. त्याला लीडर म्हणतात. दोरीला लीडर, लीडरला आणखी बारीक टोक आणि टोकाला माशी, अशा प्रत्येक सांध्यावर गाठ असते. मासा ओढ घेतो तेव्हा धागा बहुधा तुटतो तो गाठीपाशीच.

माझं आयुष्य सैन्याच्या इंजिनियर शाखेत गेलं. खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये आम्हाला गाठी डोळे मिटूनही बांधता याव्या लागत. त्यामुळे गाठींच्या बाबतीत मला थोडा गर्वच होता. 1980 च्या दशकात काश्मीरमध्ये बदली झाली. सुट्टीच्या दिवशी परवाना काढून मी लिद्दर नदीवर गेलो. सोबत वाटाड्या म्हणून सत्तरीचे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून शिकलेली 'टर्ल' गाठ बांधत होतो. चाचांनी पाहिलं आणि हळूच म्हणाले, "साहब, यह गाँठ नहीं चलेगी।" मी हसून म्हणालो, "चाचा, यह एक मेजर साहब की गाँठ है।" ते गप्प बसले.

तासाभराने मोठा ट्राउट लागला. दोन उड्या मारल्या, खडकाआड घुसला आणि दोरी एकदम सैल पडली. धागा परत आला तेव्हा त्याच्या टोकाला बारीक वेटोळं होतं. चाचांनी ते बोटावर घेऊन मला दाखवलं. धागा तुटला असता तर टोक सरळ राहिलं असतं. हे वेटोळं गाठ सुटल्याची खूण होती. तोंडात गळ घेऊन मासा निघून गेला होता, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मी विचारलं, पुस्तकातली गाठ चुकीची कशी? धाग्याने काय फरक पडतो? चाचा म्हणाले, त्यांचे वडील साहेब लोकांना हीच गाठ बांधून देत. तेव्हा ती कधी सुटली नाही. "तब धागा दूसरा था, साहब।"

ते वाक्य मला नीट कळायला बरीच वर्षं लागली. आता इतिहासाकडे वळू.

इसवी सनाच्या 200 च्या सुमारास रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातल्या कोळ्यांबद्दल लिहिलं आहे. ते गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं बांधून मासे पकडत. पण धाग्याचा आणि गाठीचा तपशील हवा असेल तर 1496 पर्यंत यावं लागतं. त्या वर्षी इंग्लंडात गळाने मासेमारी करण्यावरचा एक निबंध छापला गेला. त्यात दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची आहे. साध्या ट्राउटला नऊ केस, सामन माशाला पंधरा, असा हिशेबही दिला आहे. केसांचे तुकडे जोडायला 'पाणगाठ' सांगितली आहे. केस खरखरीत असतो, एकमेकांना धरून राहतो. त्यामुळे साध्या गाठीवर काम भागत होतं.

मग आलं गट. नाव आतड्याचं, पण वस्तू रेशमाच्या किड्याची. किडा कोष विणायला लागण्याआधी त्याला व्हिनेगरमध्ये भिजवून त्याच्या रेशीमग्रंथी ताणून काढत. स्पेनमधलं मुर्सिया हे त्या धंद्याचं मोठं केंद्र होतं. हा धागा बारीक आणि मजबूत, पण एक तुकडा जेमतेम फूट-दीड फुटाचा. नऊ फुटांचा लीडर करायचा तर बरेच तुकडे जोडावे लागत. कोरडा गट ठिसूळ, म्हणून आधी भिजवून मऊ करायचा आणि मगच गाठ मारायची. भिजलेला गट फुगतो आणि गाठीत घट्ट बसतो.

याच काळात गळही बदलला. पूर्वी माशी थेट गटच्या तुकड्यावर बांधलेलीच मिळे. 1870 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडात हॉल आणि मॅरियट या दोघांनी ट्राउटच्या बारीक माशीसाठी डोळा असलेला गळ रूढ करायचं काम हाती घेतलं. गळाला डोळा आल्यावर त्यात धागा कसा बांधायचा हा प्रश्न घरोघरी आला. त्याचं एक उत्तर हॅम्पशायरच्या मेजर टर्ल यांच्या नावाने प्रसिद्ध झालं. ती आपल्या सुरगाठीसारखीच असते. धागा डोळ्यातून घेऊन फास माशीवरून मागे टाकायचा आणि आवळायचा. माशी धाग्याच्या रेषेत सरळ बसते. स्वतः मेजरांनी ती शोधल्याचा दावा केला नव्हता.

काश्मीरमध्ये ट्राउट आला तो याच गटच्या जमान्यात. 1899 मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डने पाठवलेली अंडी वाटेतच खराब झाली. 1900 मध्ये स्कॉटलंडहून आलेली तगली. श्रीनगरजवळ हारवनला मिचेल नावाच्या माणसाने ती वाढवायची खटपट केली. माशांसोबत रॉड आले, पुस्तकं आली आणि टर्लची गाठही आली. चाचांचे वडील ती तिथे शिकले.

1935 मध्ये अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत कॅरोदर्सने नायलॉन बनवलं. 1938 मध्ये ते जाहीर झालं. दुसऱ्या महायुद्धात ते पॅराशूटसाठी वापरलं गेलं, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच गट मागे पडलं. नायलॉन सलग मिळतं, भिजवावं लागत नाही, पण ते गुळगुळीत असतं आणि ताणलं की लांबतं. गटला घट्ट धरणारी सुरगाठ त्यावर घसरू शकते.

नायलॉनला हवे असतात वेढे. तशी गाठ आधीपासून होती. तिला ब्लड नॉट म्हणतात. 1910 मध्ये चेटर यांच्या पुस्तकात तिचं चित्र आलं. ती जहाजाच्या एंजिनखोलीतल्या एका माणसाकडून मासेमारांपर्यंत पोचली, अशीही एक हकीकत सांगितली जाते. ती वाचताना मला चाचा आठवतात. मेजरचं नाव असलेल्या गाठीवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला. पन्नासेक वर्षं नदीवर काढलेल्या माणसाचं ऐकलं नाही, कारण त्याच्या खांद्यावर फीत नव्हती.

त्या दिवशी चाचांनी मला दुसरी गाठ शिकवली. धागा डोळ्यातून घ्या, मूळ धाग्याभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून काढा, मग जो मोठा फास तयार होतो त्यातूनही काढा. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा, कारण कोरडं नायलॉन घासून तापतं आणि तिथेच कमजोर होतं. ओढायचं सावकाश, झटका द्यायचा नाही.

भाच्याला मी हेच सांगितलं. नायलॉनवर माशी बांधायला पाच वेढ्यांची ही गाठ. जवळपास सारख्या जाडीचे दोन धागे जोडायला ब्लड नॉट. जाडीत फरक असेल तर सर्जन्स नॉट. धागा फ्लोरोकार्बनचा असेल तर तो जास्त कडक असतो, आवळताना आणखी सांभाळून. आणि नदीवर जाण्याआधी घरी प्रत्येक गाठ पाच वेळा बांधून ताणकाट्यावर ओढून बघ.

तीर्थनहून त्याचा पुन्हा फोन आला. मासा एकही लागला नव्हता. पण तिथल्या वाटाड्याने त्याची गाठ पाहून मान हलवली होती, आणि पठ्ठ्याने ती लगेच सोडून, शेजारी बसून, नव्याने शिकून घेतली होती. मला मासा लागल्याइतका आनंद झाला.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.