आनंदीबाईंचं फिलाडेल्फिया
एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीत चढल्या तेव्हा कल्याणच्या आनंदीबाई जोशी अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्यावर रोझेलच्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना पोटच्या लेकीसारखं सांभाळलं.

खरी कसोटी लागली ती फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात. खोलीतली शेगडी धड पेटायची नाही. धूर सोसा, नाहीतर थंडीत कुडकुडत वाचा! जेवण शाकाहारी, अंगावर साडीच. फक्त नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्या गुजराती पद्धतीने नेसू लागल्या.

प्रकृती ढासळत गेली, अभ्यास थांबला नाही. प्रबंधाला त्यांनी विषय निवडला हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा.

११ मार्च १८८६ रोजी पदवी हाती आली. समारंभाला पती गोपाळराव आणि इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाई हजर होते.