मिठातून निघालेला धूर आणि ९५ टक्क्यांचा कायदा

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट एका वायूची आहे. रंग नाही, पण वास असा की नाकातून थेट डोक्यात जातो. नाव हायड्रोजन क्लोराइड. पाण्यात विरघळला की त्याचंच हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं.

सुरुवात फ्रान्समध्ये. साबण, काच, कापड, सगळ्यांना सोडा हवा होता आणि तो पुरत नव्हता. निकोलस लब्लाँ नावाच्या डॉक्टरने मिठापासून सोडा करायची युक्ती काढली आणि १७९१ मध्ये पेटंट घेतलं. पहिली पायरी सोपी: मिठावर सल्फ्युरिक ॲसिड ओतायचं आणि तापवायचं. पण याच पायरीला हा वायू बाहेर पडतो. त्याचं करायचं काय? काही नाही, द्या सोडून हवेत!

इंग्लंडमध्ये १८२३ साली मिठावरचा कर घटला आणि जेम्स मस्प्रॅटने लिव्हरपूलमध्ये कारखाना टाकला. मग सेंट हेलेन्स, विडनेस अशी कारखान्यांची रांगच लागली. आता हा वायू हवेपेक्षा सुमारे सव्वापट जड. वर निघून जाण्याऐवजी तो खाली उतरतो, हवेतला ओलावा पकडतो आणि ॲसिडचं पांढरं धुकं होतं. झाडांची पानं करपली, कुंपणं वाळली, लोखंड गंजलं, माणसं खोकून बेजार. मालकांनी धुराडी उंच केली. त्याने काय झालं? जवळची झाडं थोडी वाचली आणि लांबची जळायला लागली.

गंमत म्हणजे उपाय कधीच सापडला होता. १८३६ मध्ये विल्यम गॉसेजने एक जुनी पवनचक्की घेतली, आत झुडपांच्या फांद्या भरल्या, वरून पाणी सोडलं आणि खालून वायू. हा वायू पाण्याचा भलताच भुकेला आहे. एक लिटर पाण्यात साडेचारशे लिटरच्या वर मावतो. म्हणजे वायू वर पोचेपर्यंत जवळपास संपलेला!

मग सगळ्यांनी हा मनोरा नीट का वापरला नाही? कारण तयार होणाऱ्या ॲसिडला गिऱ्हाईक फारसं नव्हतं आणि सक्ती कुणाचीच नव्हती. शेतकरी कोर्टात गेला तरी प्रश्न यायचा: दहा कारखान्यांपैकी तुझं पीक नक्की कुणी जाळलं, सिद्ध कर!

शेवटी जमीनदारच चिडले. माजी पंतप्रधान लॉर्ड डर्बी यांची इस्टेट सेंट हेलेन्सच्या जवळच होती. त्यांनी १८६२ मध्ये चौकशी समिती बसवली आणि १८६३ मध्ये अल्कली कायदा आला. अट साधी होती: प्रत्येक कारखान्याने या वायूचा किमान ९५ टक्के भाग अडवायचा. आता 'पीक कुणाच्या धुराने जळलं' हा वादच नको. प्रत्येक कारखान्यात जाऊन मोजायचं, बस्स! पहिले निरीक्षक होते रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ, आणि हाताखाली फक्त चार माणसं. आम्लवर्षा या विषयावर पायाभूत काम करणारे ते हेच. कायदा चालला. आणि अडवलेल्या ॲसिडपासून पुढे क्लोरीन आणि ब्लीचिंग पावडर करायला लागल्यावर मालकांना कळलं, अरे, आपण इतकी वर्षं पैसेच हवेत सोडत होतो!

पण थांबा, एक गोष्ट राहिली. हा कायदा धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूचा होता. आत भट्टीपाशी उभ्या कामगाराचा नव्हता. त्याच्या तोंडात हा वायू लाळेत विरघळायचा, ॲसिड व्हायचं आणि दात झिजत झिजत संपायचे. जमीनदाराच्या झाडांना इन्स्पेक्टर मिळाला, कामगाराच्या दातांना नाही. कुणाचं नुकसान मोजलं जातं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आणि हो, हा वायू इतिहासजमा झालेला नाही. पीव्हीसीच्या वायरी जळतात तेव्हा हाच निघतो. म्हणून इमारतीत आग लागली तर नुसत्या ज्वाळांना नाही, धुरालाही घाबरा. बाथरूम धुवायच्या ॲसिडमध्येही बहुतेक वेळा हेच असतं. ते ब्लीचिंग पावडरमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. डोळ्यांत किंवा अंगावर ॲसिड उडालं तर लगेच भरपूर साधं पाणी ओतत राहा आणि डॉक्टर गाठा.

हा भाग घरात जो कुणी बाथरूम धुतो, त्याला नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!