कॉलेजची फी आजवर कोण भरत आले?

आज आपण एका पावतीबद्दल बोलणार आहोत.

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई मुलीच्या कॉलेजची पावती घेऊन आल्या. त्यांना गटाकडून कर्ज हवे होते. पावतीवर शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा, ग्रंथालय, बस असे सगळे मांडलेले होते. ताई म्हणाल्या, "थोरल्याच्या वेळी एवढी फी नव्हती. इमारत तीच, सर तेच. मग पैसा जातो कुठे?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. कर्ज तर आम्ही मंजूर केले, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आम्ही माहिती गोळा करायला बसलो. आज ती तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिस फरार या अमेरिकन मिशनच्या बाईंच्या संस्थेत. तिथला खर्च भागत होता तो मुख्यतः परदेशातून येणाऱ्या देणग्यांवर. पुढे 1882 मध्ये जोतीराव फुले यांनी सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर आयोगापुढे, निवेदन दिले. त्यांचे म्हणणे असे होते, की सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामातून, पण शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. शेतकऱ्याच्या पोराला साधी गावची शाळा मिळत नाही. कॉलेजचा खर्च कोणाच्या खिशातून होतो आणि फायदा कोणाला मिळतो, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

मग लोकांनीच मनावर घेतले. 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, आपल्या रयत माउलींनी, अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या गेल्या. गावोगावच्या बायांनी दळणाआधी मूठमूठ धान्य बाजूला काढून बोर्डिंगला दिले. 1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तिथे मुले 'कमवा आणि शिका' करत शिकली. पुढे याच संस्थेची कॉलेजे आपल्या जिल्ह्यात श्रीरामपूर, कोपरगाव आणि कर्जतला उभी राहिली.

1947 सालीच डॉ. भा. पां. हिवाळे यांनी नगर शहरात अहमदनगर कॉलेज काढले. 1961 साली संगमनेरला कॉलेज निघाले. त्याच्या लांबलचक नावातच हिशेब लिहिलेला आहे. कला शाखेला संगमनेर नगरपालिकेचे नाव, वाणिज्य आणि विज्ञान शाखांना मालपाणी आणि सारडा या तंबाखू-विडीच्या धंद्यातल्या घराण्यांची नावे. मैत्रिणींनो, संगमनेर भागात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. त्या धंद्यातला पैसा त्यांच्याही बोटांतून गेला होता. दगडावर त्यांची नावे नाहीत, एवढेच.

तिकडे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभारला. 1950 च्या सुमारास तो चालू झाला. मग कोपरगाव, संगमनेर, जिथे जिथे कारखाने झाले तिथे शाळा-कॉलेजेही आली. उसाच्या बिलातून टनामागे काही पैसे कपात व्हायचे, त्यातला वाटा शिक्षणाला जायचा. ज्यांच्या कोयत्याने तो ऊस तोडला, त्या पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड बायकांची लेकरे मात्र सहा-सहा महिने शाळेबाहेर राहत होती. हेही त्याच हिशेबात धरायला हवे.

इथवर इमारत लोकांच्या पैशातून झाली. पण कॉलेजचा मोठा खर्च इमारतीचा नसतो, पगाराचा असतो. अनुदानित कॉलेजात मंजूर जागांवरच्या प्राध्यापकांचा पगार शासन देऊ लागले. कमी उत्पन्नाच्या घरांना ई.बी.सी. सवलत मिळाली. त्यामुळे त्या काळात बी.ए., बी.कॉम.ची फी किरकोळ वाटायची. खर्च तेव्हाही होताच, पण तो सगळ्यांच्या करातून भागत होता, म्हणून पावतीवर दिसत नव्हता.

मोठा फरक पडला 1983 साली. इंजिनिअरिंगच्या सरकारी जागा थोड्या होत्या, आपली मुले कर्नाटकात जाऊन देणग्या भरत होती. तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी खासगी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी आपल्या एका जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव अशा तीन ठिकाणी इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली. खेड्यातली पोरे घराजवळ इंजिनियर होऊ लागली, हा लाभ खरा आहे. पण विनाअनुदानित याचा अर्थ असा, की पगारापासून खडूपर्यंतचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून भागवायचा. आधी जो भार सगळ्या समाजावर होता, तो एका घरावर आला. ताईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. खर्च वाढला हे खरेच, पण तो भरणारा माणूसही बदलला.

आता उरलेले अर्धे उत्तर. पूर्वी आपण जात्यावर दळायचो, पायलीभर दळायला पहाट जायची. गिरणी आली आणि तेच काम काही मिनिटांवर आले. शिकवण्याला अशी गिरणी नाही. साठ मुलांना गणित शिकवायला 1983 मध्ये एक शिक्षक आणि एक तास लागत होता, आजही लागतो. पण त्या शिक्षकाचा पगार इतरांबरोबर वाढणारच, वेतन आयोग लागू होणारच. शिवाय संगणक, प्रयोगशाळेची यंत्रे दर थोड्या वर्षांनी बदलावी लागतात. परवानगी देणाऱ्या परिषदेचे नियम असतात, इतक्या मुलांमागे इतके शिक्षक, इतकी जागा. नव्या इमारतीच्या कर्जावर व्याज असते.

आणि रिकाम्या जागा! समजा एका शाखेत साठ जागा आहेत आणि वर्षाचा खर्च साठ लाख. साठ मुले आली तर प्रत्येकी एक लाख. चाळीसच आली तर खर्च जवळपास तोच राहतो, पण वाटणी दीड लाखावर जाते. मग मुले खेचायला जाहिराती, फलक, फिरते प्रतिनिधी येतात, त्याचाही खर्च. आणि जिथे पैसे वाचवायचे असतात तिथे शिक्षक तासिका तत्त्वावर ठेवतात. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या शिकलेल्या लेकी-सुना अशा तासांवर राबतात. फी वाढली म्हणजे शिकवणाऱ्याचा पगार वाढलाच, असे समजू नका.

कायद्याने यात काय केले? देणगी घेऊन प्रवेश देण्यावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने 1987 साली केला. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्ध्या जागा सरकारी फीच्या आणि अर्ध्या जास्त फीच्या, अशी योजना घालून दिली. एकाच बाकावरच्या दोघांची फी वेगळी झाली. 2002 च्या निकालाने ती योजना गेली. खासगी संस्थांना खर्चानुसार फी ठरवता येईल, पण नफेखोरी आणि देणगी चालणार नाही, असे ठरले. आज आपल्या राज्यात 2015 च्या कायद्याने नेमलेले शुल्क नियामक प्राधिकरण आहे. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांनी आपले तपासलेले हिशेब तिथे दाखवायचे आणि फी मंजूर करून घ्यायची.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आणखी एक गोष्ट झाली. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असेल, तर आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अनुसूचित जाती-जमातींसाठी आधीपासून वेगळ्या योजना आहेत. पण प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून व्हायला हवा. आणि वसतिगृह, खानावळ, बस हे माफीत नाही. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्त्याची योजना आहे, तिची चौकशी करा.

हे कळल्यावर आम्ही ती पावती पुन्हा काढली आणि ताईंबरोबर ओळ न् ओळ वाचली. आता गटात आमची रीतच झाली आहे. प्रवेशाआधी मंजूर फी किती ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघायचे. शिकलेली एखादी पोर हे दोन मिनिटांत काढून देते. पावतीशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. प्रत्येक रकान्याचा अर्थ विचारायचा. आणि मुलाची फी आधी, मुलीचे बघू पुढे, असे कोणी म्हणाले तर माफीचा कागद पुढे ठेवायचा.

मूठ मूठ धान्य देणाऱ्या त्या बायांना कोणी हिशेब दाखवला नव्हता, आणि त्यांनी विचारलाही नव्हता. आपण आपल्या गटाच्या वहीत दर महिन्याला पै-पैचा हिशेब लिहितो. मग लेकीच्या कॉलेजात तो विचारायला का लाजायचे? तुमच्या घरी पावती असेल तर येत्या बैठकीला घेऊन या. सगळ्या मिळून वाचू.