फारसी ‘शेर’ : सिंह, दूध की वाघ?

१/७
शीन, ये, रे. या तीन अक्षरांनी लिहिलेला फारसी शब्द आज तेहरानमध्ये ‘शीर’ असा उच्चारला जातो. त्याचा अर्थ सिंह, दूध आणि पाण्याचा नळही. हा घोटाळा जुन्या फारसीत मात्र नव्हता. त्याचा पुरावा आपल्या ओळखीच्या दोन शब्दांत आहे : शेरशाह आणि शीरखुर्मा.

२/७
अभिजात फारसीत ‘शेर’ म्हणजे सिंह आणि ‘शीर’ म्हणजे दूध. हा दुसरा शब्द संस्कृत ‘क्षीर’चा सगोत्र. लिपीत दोन्ही दीर्घ स्वरांसाठी ‘ये’ हेच अक्षर. म्हणून भेद कानाला कळे, डोळ्याला नाही. तेराव्या शतकात रूमीने ‘मसनवी’च्या पहिल्या दफ्तरात याच जोडीचा दाखला दिला : सारखे दिसते ते सारखे असतेच असे नाही.

३/७
पुढे इराणी फारसीत हा ‘ए’ ‘ई’मध्ये विलीन झाला. अफगाणिस्तानातील दरी आणि ताजिकी या बोलींत तो टिकला. हिंदुस्थानातही जुना उच्चार राहिला. म्हणून शेरशाहच्या नावात सिंह आणि शीरखुर्म्यात दूध. ‘खुर्मा’ म्हणजे खजूर.

४/७
मराठीत मात्र जपून. ‘शेरास सव्वाशेर’मधला शेर हे माप आहे आणि गझलेतला शेर अरबी ‘शिअर’वरून आलेला. दोहोंचा सिंहाशी संबंध नाही.

५/७
हिंदुस्थानात उच्चार टिकला, पण अर्थ सरकला. फारसीत वाघ म्हणजे ‘बब्र’. इकडे वाघालाही ‘शेर’ म्हणू लागले आणि सिंह वेगळा दाखवण्यासाठी ‘बब्बर शेर’ रूढ झाले. वाघाचे फारसी नाव असे सिंहाला चिकटले!

६/७
हे केवळ हिंदुस्थानातच दिसते असेही नाही. समरकंदच्या रेगिस्तान चौकातील ‘शेरदोर’ मदरसा १६१९ ते १६३६ या काळात बांधला गेला. नावात शेर आहे. दर्शनी कमानीवरील श्वापदांच्या अंगावर मात्र वाघाचे पट्टे आहेत आणि पाठीवर मानवी चेहऱ्याचा सूर्य.

७/७
इतिहासाच्या अभ्यासकाला याचे काय? परंपरा सांगते की बिहारमध्ये फरीद नावाच्या तरुण अफगाणाने एक ‘शेर’ मारला, म्हणून त्याला ‘शेर खान’ हा किताब मिळाला. हाच पुढचा शेरशाह सूर. मारलेला प्राणी बहुधा वाघ म्हणून सांगितला जातो. आशियाई सिंह आज फक्त गुजरातेत, गीर व त्याच्या आसपास उरला आहे. सोळाव्या शतकात मात्र उत्तर हिंदुस्थानात सिंह आणि वाघ दोन्ही होते. शिकारीच्या फारसी नोंदींतील प्रत्येक ‘शेर’ डोळे मिटून वाघ मानला, तर सिंहाचा या भूमीवरील वावर कागदावरूनही पुसला जाईल. म्हणून अशा नोंदीत आधी आयाळ, पट्टे आणि प्रदेश यांचा उल्लेख शोधावा. प्राण्याचे नाव त्यानंतर ठरवावे.